उघडा आवाज

१

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा नोंदबाई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. एक चप्पल टेबलाखाली गेली होती, दुसरी अजून पायातच होती.

"आवाज गेलाय," पलीकडून कंपनीचे साहेब म्हणाले.

"मिठाच्या गुळण्या करा आणि आज फार बोलू नका."

"माझा नव्हे हो! गाण्यातला. 'अजून एक फेरी'चा उघडा आवाज. स्टुडिओतल्या दोन्ही प्रती गायब आहेत. तुम्ही या."

"मी येऊन काय करणार? मी काय पोलीस आहे?"

"पोलिसांना सांगितलं तर दुपारपर्यंत गावभर होईल. तुम्ही या, बाई. तुम्हाला माणसं खरं सांगतात. कंटाळून का होईना, पण सांगतात."

यात तथ्य होतं. नोंदबाईंचं काम गाण्यांच्या नोंदी ठेवण्याचं. शब्द कोणाचे, चाल कोणाची, मागे टाळी कोणी वाजवली. गाणं पडलं की त्यात कोणाचाच हात नसतो आणि चाललं की त्याला सतरा बाप फुटतात. त्या सतरांतले खरे चार शोधून कागदावर उतरवायचे, हे त्या एकोणतीस वर्षं करत होत्या. वाद घालायच्या नाहीत. समोर बसून राहायच्या, जांभई आली तर द्यायच्या. समोरचा थापा मारून मारून दमला की खरं बोलायचा.

आणि 'अजून एक फेरी' तर चालत नव्हतं, धावत होतं. नऊ वर्षं घरी बसलेल्या गायिकेचं हे गाणं महिन्याभरापूर्वी बाहेर आलं आणि दुकानात, बसमध्ये, दात काढायच्या खुर्चीतसुद्धा माणसाचा पिच्छा सोडेना. सगळं यंत्रावर केलेलं नाचाचं गाणं, ठोक्यावर ठोका. पण मध्यावर एका जागी सगळा दणदणाट एकदम थांबायचा. नुसता बाईंचा आवाज उरायचा आणि त्याच्याखाली अगदी बारीक, घड्याळासारखी टिकटिक. मग पुन्हा धडाम. त्या जागेला लोक हात वर करून चुटक्या वाजवायचे. पेपरात कोणीतरी लिहिलं होतं की गाण्याचा जीव त्या टिकटिकीत आहे.

नोंदबाईंनी दुसरी चप्पल काढलीच नव्हती, तेवढाच त्रास वाचला.

२

"उघडा आवाज म्हणजे नुसता गळा," साहेब एरवी नवख्यांना समजावत तसं नोंदबाईंना समजावू लागले. "मागे वाजंत्री नाही, काही नाही..."

"साहेब, मी इथे तुमच्या आधीपासून आहे."

"हां. तर बाहेरच्या एका मंडळींना या गाण्याचं नवं रूप करायचंय. त्यांना तो आवाज बुधवारी चारपर्यंत पाठवायचा होता. एक प्रत संगणकात होती, ती पुसलेली. दुसरी संगणकाला लावायच्या छोट्या डबीत, कपाटात. डबीच नाही. किल्ली दारामागच्या खिळ्याला असते, ते सगळ्यांना माहीत. शुक्रवारी दुपारी दोन्ही जागेवर होत्या. त्यानंतर आत तीनच माणसं येऊन गेली. बाई, मास्तर आणि भुंगा."

मास्तर म्हणजे ध्वनिमुद्रण करणारे. गळा टिपायचा, मग सगळे आवाज एकमेकांत कालवून गाणं सिद्ध करायचं, हे त्यांचं काम. भुंगा म्हणजे गाण्याची संगीतकार, तिशीची मुलगी. कानावर सतत हेडफोन, तोंडाने सतत गुणगुण, म्हणून भुंगा.

"आणि कोण ते मला कळलंय," साहेब म्हणाले. "भुंगा. गेल्या आठवड्यात इथेच उभी राहून ओरडली, माझ्या गाण्याला परक्याचा हात लागू देणार नाही म्हणून. मघाशी सगळ्यांदेखत सांगितलं तिला, बुधवारी चारपर्यंत आवाज मिळाला नाही तर पुढची सहा गाणी तिच्याकडून काढली. आणि का काढली ते सगळ्यांना सांगणार."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तिच्याकडून काढून घ्यायला. आवाज."

भुंगा वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. हेडफोन गळ्यात होते आणि गुणगुण बंद होती. तिला अशी गप्प नोंदबाईंनी कधी पाहिली नव्हती.

"ताई, तुम्हीही तेच विचारायला आलात ना?"

"आधी बसू तर दे. जिने करणाऱ्यांना गुडघे नसतात वाटतं." नोंदबाई खुर्चीत बसल्या. "ओरडली होतीस?"

"ओरडले. मी रोजच ओरडते. पण ओरडणारा माणूस चोरी करतो का? चोरी गप्प माणसं करतात."

"ती टिकटिक तुझी ना?"

"नाही. ती मास्तरांची. आवाज टिपला तेव्हा मला बाहेर काढलं होतं, गर्दी नको म्हणून. गाणं पुरं होऊन आलं तेव्हा मी ती पहिल्यांदा ऐकली. मला वाटलं, म्हाताऱ्याने काय जागा शोधलीय! विचारायची छाती झाली नाही." तिने गुडघे जवळ घेतले. "ताई, सहा गाणी गेली तर जाऊ देत. पण चोर म्हणून नाव झालं की या धंद्यात कोणी पुन्हा दार उघडत नाही. आईला मी काय सांगू?"

नोंदबाई उठताना एवढंच म्हणाल्या, "जेव काहीतरी." पण जिना उतरताना त्यांच्या डोक्यात एक बारीक गोष्ट खुपत राहिली. या मुलीला गाण्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा पत्ता ठाऊक असतो. सगळ्यात गाजलेला ठिपकाच तिचा कसा नाही?

३

गायिका नाचाच्या तालमीच्या हॉलबाहेर पायरीवर बसली होती, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत सोडून. वय त्रेचाळीस. पोस्टरवर अठ्ठावीस.

"बसा. पाय काढून स्वागत करता येणार नाही. हे आता माझे नाहीत, कंपनीचे आहेत."

"तुमचा आवाज हरवलाय."

"ऐकलं. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं."

 गायिका हसली.

"अहो, तो आवाज उघडा ऐकण्यासारखा नाहीच. दोन दिवस प्रवास करून थेट स्टुडिओत उभी केली मला. डोळे मिटत होते. मास्तरांना म्हटलं, कानात ठेका ओता, अगदी मोठा ओता, नाहीतर मी उभ्या उभ्या झोपेन. गाताना हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक लावतात ना, दर ठोक्याला एक, ती. मास्तरांनी एवढी मोठी केली की दाढा हलल्या."

"दोन्ही कानांत?"

"एका. दुसरा कान मी मोकळा ठेवते, हेडफोन मागे सरकवून. नाहीतर आपण सुरात आहोत की नाही तेच कळत नाही. घरात भांडी घासताना गाते तशीच गायले, कंटाळून. आणि लोक म्हणतात, काय दर्द आहे!" तिने पाण्यात बोटं हलवली. "तो परक्या माणसांनी ऐकावा असं मला वाटत नव्हतं. पण म्हणून चोरीन? मला साधं डोकेदुखीचं औषध शोधून सापडत नाही, तुमची डबी कुठून सापडणार?"

आतून कोणीतरी टाळी वाजवून हाक मारली. गायिकेने एकेक पाय बादलीतून असा काढला, जसा दुसऱ्याचा काढावा.

परतीच्या बसमध्ये नोंदबाईंनी फोनवर गाणं लावलं, डोळे मिटले आणि ती जागा ऐकली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना त्या ताठ बसल्या. बाईंचा आवाज ओळीच्या शेवटी थांबत होता तिथे टिकटिकही थांबत होती. आवाज सुरू झाला की तीही सुरू. दोन ओळींमधली रिकामी जागा मास्तर कापून टाकत, तिच्याबरोबर टिकटिकही कापली गेली होती. कोणी मुद्दाम टिकटिक घातली असती तर ती सलग चालली असती. ही तर आवाजाला कुसळासारखी चिकटून आली होती. मागे सरकवलेल्या त्या हेडफोनमधून ठेका बाहेर सांडला होता आणि थेट माईकमध्ये शिरला होता.

म्हणजे गाण्याचा जीव असलेली ती टिकटिक कोणीच घातली नव्हती. ती चूक होती. आणि गेल्याच आठवड्यात एका मुलाखतीत मास्तरांनी सांगितलं होतं की ती त्यांनी घातली.

४

मास्तरांचं वय पासष्ट. नोंदबाई नोकरीला लागल्या त्या दिवशी त्यांना बसायला खुर्ची देणारा आणि ऐकायला शिकवणारा माणूस तो हाच. 'बाई, डोळे मिटा. आता सांगा, किती जण वाजवतायत?' त्या चुकायच्या, ते पुन्हा वाजवायचे. चिडायचे नाहीत.

आजही ते तसेच बसले होते, यंत्रासमोर, संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकून. गाणं सिद्ध करताना पडदा झाकायचा हा त्यांचा नेम. आजकालची पोरं आवाज डोळ्यांनी कापतात, मी कानांनी कापतो, असं ते म्हणायचे, आणि ते ऐकायला लोक लांबून यायचे.

"या, बाई. भुंग्याचं काय झालं?"

"रडायची राहिलीय."

मास्तरांनी मान खाली घातली. "पोर तशी गुणी आहे. साहेब उगाच..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

"मास्तर, नोंदीसाठी विचारते. ती टिकटिक. तुमच्या नावावर लिहायची ना?"

"लिहा की."

"कशी सुचली?"

"अहो, सगळं थांबलं की माणूस घाबरतो. त्याला धरायला काठी हवी. म्हणून ठेवली, एक सोडून एक ठोक्याला." त्यांनी हवेत बोट नाचवलं. "दर ठोक्याला ठेवली असती तर घड्याळ झालं असतं. मध्ये जागा सोडली की ती जागा माणूस स्वतः भरतो. ही सगळी खुबी जागा सोडण्यात आहे, बाई."

इतकं छान बोलले की नोंदबाईंनी लिहूनही घेतलं. चूक झाकायला माणूस थोडं खोटं बोलतो, त्यात नवल नाही. पण हुशार माणूस चुकीला कला म्हणतो तेव्हा निदान चूक नीट पाहून घेतो. दारापाशी त्यांनी वहीतली ओळ पुन्हा वाचली. काहीतरी जुळत नव्हतं. काय, ते कळत नव्हतं, आणि बुधवारच्या आड एक मंगळवारच उरला होता.

५

मंगळवारी दुपारी नोंदबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या. डोकं चालेना तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत. घड्या निदान पुऱ्या होतात.

सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे टेबलावर, चष्म्याच्या डबीत. 'त्यात नुसता खरखराट येतो, आणि तुझा नवराही,' असं त्यांचं म्हणणं होतं. पडद्यावर पंचवीस-तीस पोरं 'अजून एक फेरी'वर नाचत होती. ती जागा आली. पोरांचे हात वर गेले आणि चुटक्या सुरू झाल्या.

सासूबाईंचाही हात वर गेला. चुट, चुट, चुट. एकही चुकली नाही.

नोंदबाईंच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

"आई!" त्या जवळ जाऊन मोठ्याने म्हणाल्या. "ऐकू येतंय तुम्हाला?"

"काय?"

"गाणं! गाणं ऐकू येतंय का?"

"छे गं. गाणं कुठलं? पोरांची बोटं बघते नि वाजवते. तेवढाच हाताला व्यायाम."

नोंदबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि नाचणाऱ्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग डोळे मिटून ऐकलं. पुन्हा पाहिलं. टिकटिक दर ठोक्याला येत होती, गायिका म्हणाली होती तशीच. पण गाणं एवढं वेगात होतं की दर ठोक्याला चुटकी वाजवणं माणसाच्या बोटांना जमणारं नव्हतं. म्हणून सगळं जग एक ठोका सोडून वाजवत होतं.

एक सोडून एक.

त्या सोफ्याच्या काठावर बसल्या. चोर सापडला होता आणि त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

६

बुधवारी सकाळी मास्तर एकटेच होते. नोंदबाईंनी दार लावून घेतलं.

"मास्तर, एक विनंती आहे. ती जागा वाजवा, आणि तुम्ही टिकटिक जिथे जिथे ठेवली तिथे चुटकी वाजवून दाखवा. माझी नोंद पुरी होईल."

त्यांनी गाणं लावलं. दणदणाट थांबला, बाईंचा दमलेला आवाज खोलीत एकटा उभा राहिला. मास्तरांनी डोळे मिटले आणि चुटक्या वाजवल्या. नेटक्या, सुबक, एक सोडून एक.

नोंदबाईंनी गाणं थांबवलं.

"मास्तर, ती दर ठोक्याला आहे."

मास्तरांनी डोळे उघडले. यंत्रावरचा लाल दिवा तेवढा जळत होता.

"दर?" शेवटी मास्तरांनी विचारलं.

"दर. बाईंच्या हेडफोनमधून सांडलेली. तुम्ही ती घातली नाहीत आणि काढलीही नाहीत, कारण तुम्हाला ती ऐकूच आली नाही. पडदा झाकलेला, त्यामुळे दिसलीही नाही. ती कुठे आहे ते तुम्ही नाचणाऱ्यांची बोटं मोजून शिकलात. आता आवाज उघडा बाहेर गेला असता तर ती गाणंभर गळ्यालाच चिकटलेली सापडली असती, आणि पहिल्याच माणसाने विचारलं असतं, ही घाण साफ का केली नाही?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसत बसले.

"लोक म्हणू लागले, मास्तर, टिकटिक काय सुंदर. मी घरी जाऊन गाणं लावलं. तीनशेदा ऐकलं असेल, बाई. कान स्पीकरला टेकवून ऐकलं. बायको म्हणाली, ही काय, येतेय की. मला कुठेच सापडली नाही. चाळीस वर्षं दणदणाटात बसलो, त्याने वरचे बारीक आवाज खाल्ले असणार. कधी खाल्ले ते कळलंही नाही." ते थांबले. "मग तो मुलाखतवाला आला. म्हणाला, तुम्हीच घातली ना? मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? कशाबद्दल नाही म्हणतोय तेच मला माहीत नव्हतं."

"डबी कुठे आहे?"

त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. "संगणकातली प्रत पुसली. हीसुद्धा पुसायला घेतली होती. बोट चालेना. उभ्या उभ्या झोपलेली बाई गात होती हो... असा गळा पुन्हा मिळत नाही." पुरचुंडी टेबलावर ठेवून ते हळूच म्हणाले, "कपाटामागे पडली होती, असं सांगाल?"

नोंदबाईंना खोटं बोलायचं वावडं नव्हतं. त्या नणंदेशी गेली तीस वर्षं गोड बोलत होत्या. आणि समोर कोण बसलं होतं? ज्याने त्यांना कान दिले तो.

"सांगितलं असतं, मास्तर. पण साहेब म्हणतील, भुंग्यानेच घाबरून परत टाकली. आवाज मिळेल, पण चोर ती चोरच राहील."

"ते माझ्या लक्षात आलंच नाही," मास्तर म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "आलं होतं. सोमवारीच आलं होतं."

त्यांनी पुरचुंडी उचलली आणि काठी शोधत असल्यासारखे क्षणभर उभे राहिले. मग साहेबांच्या खोलीकडे निघाले.

७

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, डबी संगणकाला लावून पाहिली आणि खुर्चीत रेलले.

"एवढंच? मला वाटलं, दुसऱ्या कंपनीला विकलात की काय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "चारच्या आत जाईल. ठीक. आता हे या खोलीबाहेर जाता कामा नये. लोकांना टिकटिक आवडलीय. पुढच्या सहाही गाण्यांत हवी."

"साहेब, मला ती ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले.

"लोकांना येते ना? झालं तर."

मास्तर ओरडा खायच्या तयारीने आले होते. नोकरी जाईल याचीही तयारी होती. एवढ्या स्वस्तात सुटायची मात्र नव्हती. नोंदबाईंना त्यांच्याकडे बघवेना.

"साहेब," त्या म्हणाल्या, "भुंग्याला तुम्ही सोमवारी सगळ्यांदेखत बोललात. आता सगळ्यांदेखत माघार घ्या. नाहीतर नोंदीत टिकटिकीपुढे मी 'चुकून' असं लिहीन आणि सही करीन."

साहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि बाई थट्टा करत नाहीत हे त्यांना कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं असावं. ते कोट चढवून वर गेले.

पण भुंगाच खाली आली. साहेबांची माघार तिने जिन्यातच, सगळ्यांदेखत ऐकून घेतली होती आणि तिचा चेहरा मुळीच निवळला नव्हता. ती सरळ मास्तरांसमोर उभी राहिली.

"तीन दिवस. तीन दिवस मी चोर होते, आणि तुम्ही खाली बसून चहा पीत होतात."

"हो."

"आई विचारत होती, काय गं झालं? मी म्हटलं, मास्तर आहेत ना, ते बघतील!"

मास्तरांची मान वर होईना. "माफी मागतो, बाळ. ती पुरणार नाही ते कळतंय मला."

"नाहीच पुरणार." तिने हेडफोन गळ्यातून ओढून काढले. "ऐकू येत नाही हे मला नुसतं सांगायचं होतंत! मी सांगितलं असतं, मास्तर, इथे टिकटिक आहे. काढायची की ठेवायची, ते तुम्हीच ठरवलं असतं. मी तर ठेवा म्हटलं असतं."

"का?"

"कारण ती चांगली आहे! कमाल आहे, आख्ख्या जगाला कळलं, आणि..." ती थांबली. ज्याला ते कधीच कळणार नव्हतं तो समोर बसला होता.

नोंदबाई पिशवी खांद्याला लावून बसच्या वेळेचा हिशेब करत होत्या. पाय दुखत होते. जावं की थांबावं, या विचारात त्या दारातच राहिल्या.

भुंग्याने हेडफोन टेबलावर टाकले. मग रागारागानेच तिने खुर्ची ओढली, मास्तरांच्या शेजारी बसली, आणि उघडा आवाज लावला. ना ढोल, ना धडाम. खोलीत फक्त एक झोपाळलेली बाई गाऊ लागली.

मास्तर पुढे झुकले. "आली?"

"आली," भुंगा म्हणाली. आवाजात अजून राग होता.

"आता?"

"आली."

"आता?"

"आली, मास्तर. दर ठोक्याला येतेय."

"तरी सांग," मास्तर म्हणाले. तिने डोळे पुसले आणि सांगत राहिली.